रेघ टिकते ती कशाने?

डोंबिवलीला मामांच्या दिवाणखान्यात एक चित्र लावलेले आहे. कोकणातल्या आजोळच्या घराचे. पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे माड आणि पडवीच्या कौलांवर चढलेली जांभळी बोगनवेल. कलाशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला असताना मी ते काढले आणि मामांच्या एकसष्टीला भेट दिले. मामांनी हौसेने काचेची चौकट करून घेतली आणि घरात शिरल्याबरोबर दिसेल अशा भिंतीवर ते लावले. समोर गॅलरी, गॅलरीतून दुपारचे ऊन. बारा वर्षांनी मी ते चित्र जवळ जाऊन नीट न्याहाळले, तेव्हा त्यातली बोगनवेल नाहीशी झाली होती. माडांचा हिरवा रंग निळसर-करडा पडला होता आणि कौले चहाच्या डागासारखी दिसत होती. जशीच्या तशी उरली होती ती खाली आखलेली शिसपेन्सिलीची रेघ आणि कोपऱ्यात पेन्सिलीनेच केलेली माझी सही.

मामा याविषयी कधी काही बोलले नाहीत. मला मात्र त्या दिवशी एक हिशेब लख्ख कळला. महिन्याच्या खर्चातून वाचवलेले पैसे मी घातले होते ते मार्करांच्या संचात. पेन्सिल होती घरात पडलेली, अर्धी झिजलेली. पैसे गेले ते उडून गेले, आणि फुकटची रेघ उरली.

आता मी स्वतः चित्रकलेचे वर्ग घेतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा आटोपल्या, मुलाला किंवा मुलीला चांगली श्रेणी मिळाली, की पालकांचा एक ठरलेला प्रश्न येतो, ‘‘सर, आता हिला चांगला सेट घेऊन द्यायचा आहे. बहात्तरचा घेऊ की एकशे वीसचा?’’ हल्ली नोकरी सांभाळून पुन्हा चित्रकलेकडे वळलेली तीस-चाळिशीतली मंडळीही हेच विचारतात. प्रश्नामागचा जिव्हाळा खरा असतो, खिशाला पडणारा ताणही खरा असतो. म्हणूनच ‘अमुक कंपनीचा घ्या’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. साधन घेताना त्यात रंग किती आहेत हे पाहण्याआधी त्यात रंग कशाचा आहे, हे पाहावे लागते. पेन्सिल, पेन आणि मार्कर या तिन्हींची परीक्षा या एका कसोटीवर करता येते.

शिशाशिवायची शिसपेन्सिल

शिसपेन्सिलीत शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे एक काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा, असा त्या वेळी समज झाला आणि नाव चिकटले ते आजतागायत. वास्तविक तो पदार्थ म्हणजे ग्रॅफाइट, अर्थात शुद्ध कार्बनचे एक रूप. पुढे फ्रान्सचे इंग्लंडशी युद्ध जुंपले, इंग्लंडचे ग्रॅफाइट मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-झाक काँते या फ्रेंच संशोधकाने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, तिच्या कांड्या भट्टीत भाजून पाहिल्या. १७९५ साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. आज आपल्या हातात येणारी प्रत्येक पेन्सिल याच कृतीची वारसदार आहे.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे, की पेन्सिलीवरच्या अक्षरांचा अर्थ तिच्यातच दडलेला आहे. माती जास्त, तर कांडी कठीण आणि रेघ फिकी. तो ‘एच’ गट. ग्रॅफाइट जास्त, तर कांडी मऊ आणि रेघ काळी. तो ‘बी’ गट. मध्यावर एचबी. मात्र एका कंपनीची ४बी दुसऱ्या कंपनीच्या ४बी इतकीच काळी असेल, असे मुळीच नाही. या श्रेणींना सर्व कारखान्यांवर बंधनकारक असे एकच माप नाही. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या पेन्सिली एकाच चित्रात मिसळल्या, की छटांचा जिना मधूनच एखादी पायरी गाळल्यासारखा होतो. नवशिक्याला वाटते आपला हात चुकला. चुकलेली असते ती खरेदी.

सुरुवातीला किती पेन्सिली लागतात? एकाच कंपनीच्या तीन पुरे आहेत : एचबी, २बी आणि ६बी. आखणीला पहिली, बहुतेक सगळ्या रेखाटनाला दुसरी आणि गडद सावलीला तिसरी. बारा श्रेणींचा पत्र्याचा डबा दिसायला देखणा असतो, पण त्यातल्या ४एच आणि ५एच वर्षानुवर्षे पूर्ण लांबीच्या राहतात, असा माझा अनुभव आहे. सुट्या पेन्सिली देणारे दुकान शोधावे. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात अशी दुकाने आहेत, आणि तिथला काउंटरमागचा अनुभवी माणूस पुष्कळदा रंगीत कॅटलॉगपेक्षा अधिक खरे सांगतो.

देशी पेन्सिलींविषयी उगीच नाक मुरडण्याचे कारण नाही. नटराज आणि अप्सरा बनवणारी हिंदुस्थान पेन्सिल्स ही कंपनी १९५८ पासून या व्यवसायात आहे. कॅम्लिनचा इतिहास तर आपल्या गिरगावातला. दांडेकर बंधूंनी १९३१ साली ‘हॉर्स ब्रँड’ शाईपासून सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची पहिली रंगपेटी ‘कॅमल’ची होती. (२०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातील बहुसंख्य भाग घेतला.) या पेन्सिली अभ्यासासाठी उत्तम आहेत. परदेशी पेन्सिलींत, उदाहरणार्थ स्टेडलरची ‘मार्स लुमोग्राफ’ किंवा १९०५ पासून निघणारी फाबर-कास्टेलची ‘९०००’, फरक पडतो तो मुख्यतः दोन बाबतींत. श्रेणींमधले अंतर सारखे असते आणि कांडी दळताना खडा राहत नाही. खडा राहिलेली पेन्सिल ओळखायला सोपी. ओढता ओढता मधूनच ‘किर्र’ आवाज होतो, कागदावर ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यावर नंतर कितीही छटा द्या, तो पांढरा चमकतच राहतो. माझा सल्ला असा : सराव देशी पेन्सिलीवर मनसोक्त करावा. ज्या दिवशी हा ओरखडा आपल्याला खुपू लागेल, त्या दिवशी महाग पेन्सिल घ्यावी. त्याआधी घेऊन तिच्यातला फरक हाताला कळत नाही.

दुकानात पेन्सिल हातात घेतल्यावर तिच्या बुडाकडे पाहावे. कांडी लाकडाच्या बरोबर मधोमध आहे का? एका बाजूला सरकलेली असेल, तर टोक करताना एकीकडे लाकूड आणि एकीकडे कांडी उघडी पडते व टोक सारखे मोडते. लाकूडही पाहावे. आपल्या पेन्सिलींचे लाकूड मोठ्या प्रमाणावर काश्मीरच्या पुलवामा भागातल्या पॉप्लर वृक्षांचे असते. महाग परदेशी पेन्सिलींत बहुधा सीडार वापरतात, जे पात्याखाली लोण्यासारखे कापले जाते. आणि एक विनंती. पेन्सिल जमिनीवर पडू देऊ नये. बाहेरून काही दिसत नाही, पण आतल्या कांडीचे तुकडे होतात. मग गिरमिटात दर वेळी टोक गळून पडते आणि दोष कंपनीला मिळतो.

ग्रॅफाइटचा एक अवगुण सांगितलाच पाहिजे. तो चकाकतो. ६बी, ८बीने काळाकुट्ट भाग भरला, की तिरप्या उजेडात तिथे काळोखाऐवजी चंदेरी तकाकी दिसते. ती हात दाबून जात नाही, उलट वाढते. खरा काळा हवा असेल, तर तिथे कोळशाची पेन्सिल वापरावी. टिकण्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारख्याच विश्वासू, कारण दोन्ही मुळात कार्बन. ऊन त्यांचे काही बिघडवू शकत नाही. आमच्या चित्रातली सही का वाचली, याचे उत्तर एवढेच आहे.

हळद आणि काजळी

पेन आणि मार्करकडे वळण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावू. पांढऱ्या कापडावर पडलेला हळदीचा डाग साबणाने हटत नाही, पण तेच कापड कडक उन्हात वाळत घातले की डाग फिका पडत जातो, हे घरोघरी ठाऊक असते. उलट चुलीच्या भांड्याची काजळी लागलेले कापड महिनाभर उन्हात ठेवले, तरी तो काळा डाग जागचा हलत नाही. शाईंच्या दुनियेतला सगळा भेद या दोन डागांत आहे.

काही शायांमध्ये रंग हा पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये साखरेसारखा पूर्ण विरघळलेला असतो. त्याला इंग्रजीतून आलेला ‘डाय’ हा शब्द बाजारात रूढ आहे. असा रंग कागदाच्या तंतूंत मुरतो, झळझळीत दिसतो. पण त्याचा प्रत्येक रेणू एकटा आणि उघडा असतो. प्रकाशाची ऊर्जा त्या रेणूचे बंध तोडते आणि रंग नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारच्या शायांमध्ये रंग विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. हे ‘पिगमेंट’. कणाच्या बाहेरच्या थराला ऊन लागले तरी आतला भाग झाकलेला राहतो, त्यामुळे तो सामान्यतः पुष्कळ अधिक टिकतो. काळ्या पिगमेंट शाईत तर बहुधा कार्बनच असतो. म्हणजे आपल्याकडे दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करत आणि बोरूने पोथ्या लिहीत, तीच मूळ कल्पना. शेकडो वर्षांच्या पोथ्यांची पाने तपकिरी पडली, कडा झिजल्या, अक्षरे मात्र काळीच आहेत.

पेन विकत घेताना, म्हणून, दांडीवरची दोन लहान अक्षरे शोधावीत : ‘पिगमेंट इंक’ आणि ‘वॉटरप्रूफ’. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ मध्ये ‘पिग्मा’ ही पिगमेंट शाई तयार केली आणि तिच्यावर आधारलेले ‘मायक्रॉन’ पेन आज जगभर रेखाटनकार वापरतात. स्टेडलरचे ‘पिगमेंट लायनर’, मित्सुबिशीचे ‘युनी पिन’ ही त्याच जातीची पेने. मायक्रॉनच्या दांडीवरच्या आकड्याने अनेकांची फसगत होते. ०१ म्हणजे रेघेची जाडी ०.१ मिलिमीटर नव्हे, ती ०.२५ मिलिमीटर असते. ०५ ची ०.४५, आणि त्याहून बारीक ००५ ची ०.२० मिलिमीटर. ००५ आणि ०१ मधला फरक साध्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, त्यामुळे सहा पेनांचा संच घेण्याऐवजी ०१ आणि ०५ अशी दोन घ्यावीत आणि उरलेल्या पैशांत एक ब्रशपेन.

या लायनरांचे टोक प्लॅस्टिकच्या तंतूंचे असते. बॉलपेन दाबून लिहायची सवय असलेल्या हाताखाली ते आठवड्याभरात आत दबते. शाई शिल्लक आणि टोक मेलेले, अशी पेने माझ्या वर्गात डबाभर निघतील. हात हलका असेपर्यंत महाग लायनर घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. शिवाय एक बारीक गोष्ट. लायनरच्या रेघेखालची पेन्सिल खोडताना साधे खोडरबर जोराने घासले, तर काळी रेघही करडी पडते, कारण शाईचे काही कण कागदाच्या पृष्ठभागावरच बसलेले असतात. त्यासाठी कणकेसारखे मळता येणारे रबर मिळते. त्याने पेन्सिल टिपून घ्यावी.

लायनरची रेघ एकसारख्या जाडीची असते. हा तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. चेहऱ्याची कड, कापडाची घडी, झाडाची फांदी यांना जाडी बदलणारी रेघ लागते, आणि ती टाकाने किंवा ब्रशने येते. टाकाचे लवचीक निब दौतीत बुडवून काढलेली रेघ दाबाप्रमाणे फुगते, आकसते. स्वस्तात स्वस्त आणि सर्वांत अधिक शिकवणारे साधन कोणते, असे विचारल्यास मी टाकाचे नाव घेईन. मात्र टाकासाठी मिळणारी जलरोधक ‘इंडियन इंक’ फाउंटन पेनात कदापि भरू नये. तिच्यात पुष्कळदा लाख असते. ती आत वाळली की पेन कायमचे चोंदते. एकसारख्या रेघेचे जुने राजे म्हणजे रॉट्रिंगचे ‘रॅपिडोग्राफ’. १९५३ मध्ये आलेल्या या पेनाने वास्तुरचनाकार आणि अभियंत्यांच्या पिढ्यांचे नकाशे आखून दिले. आजही ते मिळते, भरता येते, पण त्याची नियमित धुलाई करावी लागते. आळशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये (हे मी स्वतःवरूनच सांगतो).

ब्रशपेनात दोन जाती आहेत. एकात नमद्यासारखे टोक असते, दुसऱ्यात खरोखरचे केस. पेंटेलचे ‘पॉकेट ब्रश’ दुसऱ्या जातीचे. त्यात कृत्रिम केसांचा कुंचला आणि पिगमेंट शाईची नळी असते. पहिल्या महिन्यात ते हाताला अजिबात जुमानत नाही. तेवढा महिना धीर धरावा.

आणि साधे बॉलपेन? सरावाला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. खोडता येत नसल्याने डोळा आधी पाहतो आणि मग हात हलतो. लोकलमध्ये समोर बसलेल्यांची रेखाटने करायला यापरते सोयीचे साधन नाही. परंतु बहुतेक बॉलपेनांची शाई डाय जातीची असते. वही मिटून कपाटात राहणार असेल तर बिघडत नाही. चौकटीत घालून कुणाला विकायचे किंवा द्यायचे असेल, तर त्या ग्राहकावर तो अन्याय होतो.

‘पर्मनंट’ या शब्दाविषयी

माझ्या बोगनवेलीचा घात केला तो एका शब्दाने. संचाच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘पर्मनंट’ असे छापलेले होते आणि मी त्याचा अर्थ ‘कायम टिकणारा’ असा घेतला. मार्करच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच असतो, की वाळल्यावर हा रंग पाण्याने निघणार नाही. उजेडात तो किती काळ राहील, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

अल्कोहोल मार्करची सगळी जादू विरघळण्यात आहे. पहिला थर वाळला तरी त्यावर दुसरा थर दिला, की अल्कोहोल खालचा रंग पुन्हा सैल करतो, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि पट्टे न दिसता गुळगुळीत छटा तयार होते. हे घडायला रंग विरघळणाराच, म्हणजे डाय असावा लागतो. ज्या गुणामुळे तो मिसळतो, त्याच गुणामुळे तो उडतो. यात कुणाची लबाडी नाही. जपानमध्ये १९८७ पासून निघणारे ‘कॉपिक’ मार्कर हे या वर्गातले सर्वांत नावाजलेले. त्यांची शाई पुन्हा भरता येते, टोके बदलता येतात, आणि तरीही ते डाय जातीचेच आहेत; कंपनी ते लपवत नाही. मुळात ही साधने चित्रकथाकार, जाहिरातीतले चित्रकार, फॅशन आणि वस्तुरचनाकार यांच्यासाठी आहेत. त्यांचे मूळ चित्र छपाईला किंवा स्कॅनरखाली जाते, टिकते ती त्याची प्रत. त्या कामाला मार्करसारखे वेगवान साधन नाही. भिंतीवर लावायच्या चित्राला ते चुकीचे आहे, इतकेच.

ज्याला मार्कर शिकायचेच आहेत, त्याने बहात्तर रंगांच्या अनामिक स्वस्त संचाऐवजी चांगल्या जातीचे सुटे मार्कर थोडेच घ्यावेत, आणि त्यातही निम्मे राखाडी असावेत. तीन-चार राखाडी छटांत एखादी किटली, बूट, रिक्षा नीट उतरवता आली, की पुढे रंग हाताशी आपोआप येतात. स्वस्त संचात लाल, हिरवे, गुलाबी भरपूर आणि एकाच रंगाची फिकी व गडद जोडी एकही नाही, असे नेहमी आढळते. म्हणजे छटा द्यायची कशाने, हा प्रश्न उरतोच. भरता येणारा मार्कर महाग पडतो खरा, पण शाई संपल्यावर तो कचऱ्यात जात नाही. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवावेत, उभे ठेवले की शाई एका टोकाकडे उतरते. टोपण ‘टक्’ आवाज होईपर्यंत लावावे. आपल्या मे महिन्यात अर्धवट लावलेल्या टोपणातून अल्कोहोल उडायला वेळ लागत नाही. खोलीची खिडकी उघडी असावी.

ज्यांना मार्करची सोय हवी आणि रंगही राहायला हवा, त्यांच्यासाठी पिगमेंटचे मार्कर आहेत. ‘पोस्का’ हे त्यातले परिचित नाव. ते मिसळत नाहीत, एकावर एक बसतात. कागदाप्रमाणेच लाकूड, दगड, काच यांवरही चालतात. त्यांची रीत पोस्टर रंगासारखी आहे, अल्कोहोल मार्करसारखी नव्हे. एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की निराशा पदरी येते.

रंगीत पेन्सिलींचीही गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण तिथे फसगत अधिक सूक्ष्म असते. रंगीत पेन्सिलीत पिगमेंट असते, मग ती टिकेलच, असे वाटते. पण प्रत्येक पिगमेंट टिकाऊ नसते. विशेषतः काही गुलाबी, जांभळ्या छटा फार नाजूक असतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या आपल्या शयनगृहाच्या चित्रात भिंती फिक्या जांभळ्या होत्या. त्यातला लाल रंग काळाच्या ओघात उडाला आणि आज जग त्या भिंती निळ्या म्हणून पाहते. हाच व्हॅन गॉग १८८३ मधल्या एका पत्रात फाबरच्या पेन्सिलींच्या मऊपणाची आणि काळेपणाची तोंडभरून तारीफ करतो. त्याच्या पेन्सिलीच्या रेघांना असे काही झालेले नाही.

चांगल्या कंपन्या, त्यामुळे, रंगीत पेन्सिलीवर टिकाऊपणाची खूण छापतात. फाबर-कास्टेलच्या ‘पॉलिक्रोमॉस’वर तारे असतात, तीन तारे म्हणजे सर्वांत टिकाऊ. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेने चित्रकारांच्या रंगीत पेन्सिलींसाठी ‘डी ६९०१’ हे मानक ठरवले; स्वित्झर्लंडच्या कारन दाशने आपल्या ‘ल्युमिनन्स’ पेन्सिलींच्या नावातच तो ६९०१ हा आकडा घातला. या पेन्सिली फार महाग आहेत. विद्यार्थ्याने त्यांचा संच घेण्याची गरज नाही. मात्र सुट्या पेन्सिली मिळत असतील, तर निदान गुलाबी, जांभळा आणि नारिंगी एवढे तीन तरी खूण पाहून घ्यावेत. तपकिरी, गेरू, काळा हे मातीचे आणि कार्बनचे रंग साध्या संचातलेही बरेच सोशिक असतात.

कागद, पाऊस आणि खिडकी

साधन कितीही चांगले असले, तरी ते कागदावरच उतरायचे आहे. वर्तमानपत्राचा जुना अंक पिवळा पडून कडेने तुटू लागतो, तो लाकडाच्या लगद्यात राहिलेल्या लिग्निनमुळे. स्वस्त चित्रकला वहीच्या कागदातही ते असते. सरावाला तो चालेल. राखून ठेवायच्या चित्राला ‘अॅसिड-फ्री’ असे लिहिलेला कागद घ्यावा. लायनरला गुळगुळीत, पेन्सिलीला किंचित खरखरीत, आणि अल्कोहोल मार्करला त्याच्यासाठीचा खास कागद. साध्या कागदावर मार्कर आरपार जाऊन खालच्या पानावर उतरतो. वर्गातले एक मूल यामुळे आपल्या वहीची पाठची सहा चित्रे गमावून बसले होते; तेव्हापासून पानाखाली जाड पुठ्ठा ठेवण्याचा नियम आहे.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद हवेतले पाणी पितो. अशा ओलसर कागदावर तीच शाई, तेच पेन, पण रेघेला मुंग्यांचे पाय फुटतात. पेन बदलून उपयोग नसतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पंख्याखाली जरा वेळ मोकळा करून मगच वापरावा.

आता परीक्षेविषयी. दुकानात जाताना आपल्या नेहमीच्या कागदाचा तुकडा सोबत न्यावा, कारण दुकानदाराच्या चिठ्ठीवर प्रत्येक पेन छानच चालते. पेनाने चार रेघा ओढाव्यात, दोन मिनिटे थांबावे आणि ओले बोट फिरवावे. डाग पसरला नाही, तर वरून जलरंग देता येईल. उजेडाची परीक्षा दुकानात होत नाही, तिला धीर लागतो. जाड कागदाच्या पट्टीवर आपल्याजवळच्या प्रत्येक पेनाचा, मार्करचा आणि रंगीत पेन्सिलीचा एकेक पट्टा ओढावा, शेजारी नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. (पेन्सिलीनेच. का, ते आता सांगायला नको.) पट्टी उभी कापून तिचे दोन भाग करावेत. एक भाग जाड पुस्तकात मिटून ठेवावा, दुसरा पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावा. पावसाळा सोडून तीन-चार महिने ऊन लागू द्यावे आणि मग दोन्ही तुकडे शेजारी ठेवावेत. एकाही रुपयाचा खर्च नसलेली ही परीक्षा माहितीपत्रकांपेक्षा भरवशाची आहे, कारण ती आपल्याच हातातल्या साधनांची, आपल्याच उन्हातली असते.

यंदा फेब्रुवारीत वर्गातल्या मुलांनी अशा पट्ट्या तयार केल्या. एका मुलीच्या आईने नुकताच घेतलेला साठ मार्करांचा संच घेऊन ती आली होती आणि साठही पट्टे तिने निगुतीने ओढले. एप्रिलअखेर आम्ही तुकडे जुळवून पाहिले. पुस्तकातला गर्द जांभळा होता तसाच होता. खिडकीतला ओळखू येत नव्हता. तिने पट्टीवरचे नाव दोनदा वाचले, मग वहीत साठही रंगांची यादी करून त्यातल्या बावीस रंगांपुढे फुली मारली. संच टाकून द्यायचा का, असे तिने विचारले. मी नाही म्हटले. शाळेच्या हस्तलिखित मासिकाचे मुखपृष्ठ तिच्याकडे आहे, ते तिने त्याच मार्करांनी रंगवले आणि रंगवल्या दिवशीच स्कॅन करून घेतले.

मामांसाठी मी तेच घर पुन्हा काढायला घेतले आहे. या वेळी पिगमेंट लायनर आणि जलरंग. बोगनवेलीसाठी निवडलेला जांभळा अजून खिडकीत आहे, दिवाळीनंतर काढून पाहायचा आहे. जुने चित्र उतरवायला मात्र मामा तयार नाहीत. नवे आले की ते आतल्या खोलीत लावू म्हणतात, तिकडे ऊन येत नाही.